पडद्यामागची तबकडी

प्रमोदिनी टिपणीस माझी शेजारीण. डोंबिवलीला रामनगरात आमचे ब्लॉक समोरासमोर. दोन्ही दारं दिवसभर उघडी, त्यामुळे तिच्या घरातलं मला आणि माझ्या घरातलं तिला न सांगता कळायचं. तिच्याविषयी लिहावं असं तिने काय केलं, असं कोणी विचारेल. विचारू दे. तिच्या नवऱ्याविषयी मात्र छापून आलेलं आहे. आमच्याकडच्या एका साप्ताहिकात, फोटोसकट, वर मथळा 'डोंबिवलीचा सोन्याचा कान'. तो अंक मी त्याच आठवड्यात रद्दीत घातला, तरी राग काही रद्दीत गेला नाही, म्हणून हे लिहायला बसले.

विश्रामराव टिपणीस फोर्टात एका बोटींच्या कंपनीत होते. तिथला गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर जॅझच्या रेकॉर्ड यांना देऊन गेला. तेव्हापासून यांना वेड लागलं. रविवारी सकाळी बाकीच्या घरांतून रेडिओवरची नाट्यगीतं यायची आणि यांच्या खिडकीतून कोणीतरी ट्रंपेट घेऊन रडत असायचा. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं का बोला. एखादा माणूस बोलता बोलता गप्प व्हावा, तसं ते ट्रंपेट मध्येच थांबायचं, आणि मी पोळी तव्यावर विसरायची.

पण विश्रामरावांना नुसतं ऐकण्यात रस नव्हता. त्यांना निवाडा करायचा असायचा. त्या सुमारास जुन्या नावाजलेल्या रेकॉर्ड परदेशात पुन्हा काढायला लागले होते. त्याला ते रीइश्यू म्हणायचे. कोणाचा भाऊ आखातातून आणायचा, कोणाचा मेव्हणा जपानहून. मग पहिली जुनी प्रत, म्हणजे ओरिजिनल, आणि नवा रीइश्यू, दोन्ही एकामागून एक वाजवून कुठली सरस ते ठरवायचं. यासाठी रविवारी पाच-सहा मित्र जमायचे. बाहेरच्या खोलीत दोरीवर प्रमोदिनीची जुनी साडी पडद्यासारखी टांगायची, पलीकडे प्लेअर ठेवायचा. पडद्यामागे प्रमोदिनी. कुठली तबकडी आधी लावायची ते तिने मनाशी ठरवायचं. पुरुषांनी डोळे मिटून ऐकायचं आणि सांगायचं, पहिली की दुसरी. मग विश्रामराव हाक द्यायचे, "सांग गं!" आणि ती उत्तर सांगायची.

विश्रामरावांचं बरोबर यायचं. नेहमी नाही, पण बाकीच्यांपेक्षा जास्त वेळा, हे मान्य करायला हवं.

प्रमोदिनीच का? तर विश्रामरावांच्या तळव्यांना घाम सुटायचा, आणि घामट हात रेकॉर्डला लावलेला त्यांना खपायचा नाही. म्हणून रेकॉर्ड काढणं, पुसणं, लावणं, परत कव्हरात घालणं, सगळं तिच्याकडे. शिवाय आत सोड्याची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी शिजत असायची. टिपणीस कायस्थ, रविवारी त्यांच्याकडे सोडे नाहीत असं होणार नाही. दोन तबकड्यांच्या मधल्या वेळात ती आत धावायची, खिचडी हलवायची, हात धुऊन, कोरडे करून परत पडद्यामागे. आणि एवढं करून वर ऐकायचं काय? "आमच्या हिला कान नाही हो. म्हणून तर परीक्षेला बसवली. बहिरा पंच सगळ्यात प्रामाणिक." मित्र हसायचे. एकटे अण्णा फणसे हसायचे नाहीत.

अण्णा ठाण्याचे, खारकर आळीत राहायचे. त्याच बोटींच्या कंपनीत विश्रामरावांच्या शेजारच्या टेबलावर. बोलायला मऊ, जाताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन "वहिनी, खिचडी फक्कड" म्हणून जाणारे. त्यांनीही प्लेअर घेतला होता, विश्रामरावांच्या सल्ल्याने. विश्राम म्हणेल ती पूर्व दिशा, अशी त्यांची श्रद्धा.

आता मुख्य गोष्ट. मला हे सगळं पुष्कळ उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते.

विश्रामरावांकडे एक रेकॉर्ड होती, तिला सगळे 'निळी' म्हणायचे. कव्हरावर निळ्या अंधारात बसलेला ट्रंपेटवाला. साहेबाच्या पेटीतली सगळ्यात मौल्यवान. झिजू नये म्हणून ती वर्षातून एकदा, फक्त दसऱ्याला वाजायची. चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला सकाळी त्यांनी ती मुहूर्ताची म्हणून लावायला सांगितली, ऐकली आणि सोनं वाटायला बाहेर पडले. तबकडी प्लेअरवरच राहिली.

दसऱ्याला घरातली हत्यारं पुजतात. प्रमोदिनीने पाटावर लेखणी-दौत मांडली, विळी मांडली, शिलाई मशीनला झेंडूची माळ घातली. मग तिला वाटलं, या घराचं खरं हत्यार तर तो प्लेअर. ओल्या हळदीकुंकवाचं बोट घेऊन ती त्याच्यापाशी गेली. मधल्या कागदावर लावलं तर छापलेलं नाव खराब होईल, म्हणून तिने जपून काळ्या भागावर लावलं. वर अक्षता वाहिल्या, नमस्कार केला.

हसू नका. मीही तेच केलं असतं.

दुपारी ओलं वाळलं तेव्हा तिच्या लक्षात आलं. पुसायला गेली तर कुंकू रेघांत आणखी आत बसलं. मग तिने खोबरेल तेल लावलं, कपाळावरचं कुंकू आपण काढतो तसं. तेल निघेना म्हणून भांड्यांची पावडर आणि काथ्या. काथ्याने त्या रेकॉर्डचं काय झालं असेल ते सांगायला सोन्याचा कान लागत नाही. तिने हळूच सुई टेकवून पाहिली. ट्रंपेटच्या जागी फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज.

नवऱ्याला सांगायची तिची छाती झाली नाही. मागे एकदा तिच्या हातून सुई मोडली होती, तेव्हा त्यांनी महिनाभर अबोला धरला होता, आणि रोज जेवताना पान सारून तिच्याकडे न बघता उठायचे. तिने तबकडी पुसून निळ्या कव्हरात घातली आणि देवावर हवाला ठेवला. पुढच्या दसऱ्यापर्यंत कोण विचारतंय!

दिवाळी झाली आणि एका रविवारी अण्णा फणसे हसत हसत आले. काखेत 'निळी'चा रीइश्यू, मेव्हण्याने जपानहून आणलेला. पहिल्यांदाच अण्णांनी काहीतरी स्वतःचं आणलं होतं. नव्या वह्या दाखवाव्यात तसं ते सगळ्यांना कव्हर दाखवत होते.

पडदा टांगला. पलीकडे प्रमोदिनी, तिच्यापुढे दोन तबकड्या. एक अण्णांची कोरी, एक काथ्याने घासलेली. जुनी लावली तर सहा पुरुषांसमोर आणि नवऱ्याच्या त्या जिभेसमोर तिचा पंचनामा. तिने अण्णांची लावली. संपल्यावर तीच उचलली, कव्हराचा आवाज केला, आणि तीच परत ठेवली.

दोन्ही वेळा एकच रेकॉर्ड.

"पहिली ओरिजिनल," विश्रामराव डोळे न उघडता म्हणाले. "काय हवा आहे तिच्यात! झांजेवरचा ब्रश वेगळा काढून हातात घ्यावा. दुसरी मेलेली. प्रेताला पावडर लावलीये."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. अण्णा म्हणाले, "विश्राम, रागावू नकोस, पण मला काहीच फरक वाटला नाही रे. दोन्ही अगदी एकच वाटल्या."

"सांग गं!"

पडद्यामागून प्रमोदिनीचा आवाज आला. "पहिलीच ओरिजिनल."

मग विश्रामराव सुटले. गाढवाला गुळाची चव काय, इथपासून सुरुवात. "अण्णा, तू आपला भजनी मंडळात टाळ कुटायला जा. इतकी वर्षं मी कोणाला शिकवत होतो? कानात बोळे घालून येतोस काय रे?" लोक हसले. मी त्या वेळी प्रमोदिनीच्या स्वयंपाकघरात पापड भाजत होते. मला वाटलं, नेहमीची थट्टा. पण अण्णा जाताना स्वयंपाकघराच्या दारात आले नाहीत. रेकॉर्ड तिथेच ठेवून गेले. "राहू दे तुझ्याकडेच. मला काय करायचीये."

पुढच्या रविवारी अण्णा आले नाहीत. नंतरही नाहीत. ऑफिसात नमस्कार, बस.

इथे प्रमोदिनीची शिक्षा सुरू झाली. दर दसऱ्याला विश्रामराव 'निळी' मागायचे आणि ती जुन्या कव्हरात अदलाबदल करून ठेवलेली अण्णांची रेकॉर्ड काढून लावायची. ते डोळे मिटून म्हणायचे, "याला म्हणतात ओरिजिनल." तेही एक वेळ चाललं असतं. पण अण्णांची फजिती हा विश्रामरावांचा हातखंडा किस्सा झाला. नवा माणूस आला की तो किस्सा. साप्ताहिकाच्या मुलाखतीतही तोच, 'आमच्या एका मित्राला ओरिजिनल आणि रीइश्यू एकच वाटले' म्हणून, नाव न घेता. आमच्या गावात नाव घ्यावं लागत नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, माझी आई म्हणायची," प्रमोदिनी मला नंतर म्हणाली. "पण अगं, मूठ माझी आणि हात पोळला त्या माणसाचा."

शहाण्णव सालचा एक रविवार. तोवर सीडी आल्या होत्या, रेकॉर्डवाले मित्र गळाले होते, पण त्या दिवशी कल्याणहून दोन नवे लोक सोन्याचा कान बघायला आले होते. त्यांना किस्सा सांगितला गेला. या खेपेला शेवटाला नवीन पुस्ती होती, "मग त्याने प्लेअर विकून टाकला. शहाणा!" पाहुणे गेले. प्रमोदिनीने ताटं उचलली, हात पुसले आणि नवऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. दसरा, कुंकू, काथ्या, एकच रेकॉर्ड. भांडण होईल या भीतीने तिने मला बोलावून ठेवलं होतं, म्हणून मी साक्षीदार.

विश्रामराव सुपारी चघळत ऐकत राहिले. मग म्हणाले, "शक्य नाही. मला फरक ऐकू आला होता."

"अहो, एकच तबकडी होती. कशी ऐकू येईल?"

"तू गोंधळलीस. लावल्या असशील दोन्ही. तुला कान नाही, तुला काय कळणार?"

तिने जुनी तबकडी आणून उजेडात धरली. रेघांमध्ये कुंकू अजून लाल दिसत होतं. त्यांनी ती बघितली, चांगली निरखून बघितली. मला वाटलं, आता या माणसाचं काहीतरी मोडणार, आणि खरं सांगते, मला ते बघायचं होतं. त्यांनी तबकडी तिच्या हातात परत दिली. "नंतर कधीतरी खराब केली असशील. माझी ओरिजिनल घालवलीस ती घालवलीस, वर हे नाटक." आणि ते आत जाऊन झोपले. थोड्या वेळाने घोरण्याचा आवाज आला. अशा माणसाचं काय करावं ते मला आजही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेत रजा टाकली आणि आम्ही दोघी ठाण्याला गेलो. प्रमोदिनीच्या पिशवीत दोन्ही रेकॉर्ड होत्या. तिला अण्णांना त्यांची परत द्यायची होती आणि जुनी दाखवायची होती. वाटेत ती एवढंच म्हणाली, "त्यांना एकदा कळू दे, त्यांचंच बरोबर होतं. मग मला काय बोलायचं ते बोलू देत."

मी विचारलं, "पण चांगल्या रेकॉर्डीत तरी फरक असायचा का गं?"

"मला काय माहीत? मी कुठे ऐकलं? माझं सगळं लक्ष सुईकडे. आणि आत खिचडी."

अण्णांनीच दार उघडलं. आता निवृत्त होऊन घरीच असायचे, वाळले होते. प्रमोदिनीला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण ओळखल्यावर चेहरा फुलला. "वहिनी! या, या!" जिथे त्यांचा प्लेअर असायचा, असं प्रमोदिनीने मला खुणेने दाखवलं, तिथे आता पाण्याचा फिल्टर होता. ती खुर्चीच्या कडेवर बसली आणि मान खाली घालून बोलायला लागली. हळू, धाप लागल्यासारखी. सगळं सांगून झालं तेव्हा ती रडत होती.

अण्णा हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होते. मग कानामागे हात धरून पुढे झुकले. "काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला."

बारा वर्षं जे तिने मनातल्या मनातही धड म्हटलं नव्हतं, ते तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. ओरडून. शेजारच्या गॅलरीतली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून ऐकायला लागली. "एकच रेकॉर्ड होती, अण्णा! एकच! तुमचं बरोबर होतं!"

या खेपेला त्यांना कळलं. त्यांनी पिशवीतून डोकावणाऱ्या निळ्या कव्हराकडे बघितलं.

"मी तेव्हा डॉक्टरकडे गेलो होतो, वहिनी," ते म्हणाले. बहिऱ्या माणसासारखं मोठ्याने, पण रागाचा लवलेश नव्हता. "त्या रविवारनंतर. कानाचे मोठे डॉक्टर होते, सगळं तपासलं. म्हणाले, तुमचे कान उत्तम आहेत."

"मग?" प्रमोदिनी म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही, पण तिच्या ओठांवरून समजलं असावं.

"मग काय! मी डॉक्टरांवर विश्वास नाही ठेवला. विश्रामवर ठेवला. घरी आलो आणि प्लेअर देऊन टाकला." त्यांनी आपली रेकॉर्ड हातात घेतली, कव्हरावरची धूळ सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि तिच्या पिशवीत परत घातली. "चांगली होती ना हो?"

प्रमोदिनीने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.