टाकाला नाव नव्हतं

सासरच्या देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकांशेजारी एका बाईचा टाक होता. रुप्याचा लहानसा पत्रा आणि त्यावर उमटवलेली बाई. पिढ्यान्‌पिढ्या घासून तिचे नाकडोळे गेले होते. कपाळ आणि पदराची कड तेवढी बोटाला लागायची. त्याला सगळे आईचा टाक म्हणत. आई म्हणजे माझ्या सासऱ्यांची, मामंजींची, पणजी. तिला दोन मुलगे. एकाचं घर मार्गासनीच्या शिवारातलं आमचं आणि दुसऱ्याचं उत्रोलीचं. भावकी म्हणावी तर एवढीच.

पितृपाटातल्या नवमीला कुंकवासकट गेलेल्या बायांचा मान असतो. त्या दिवशी या टाकाला हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, खण वाहत. एक सवाष्ण जेवायला बसवत. मामंजी आईचं नाव घेऊन हाक मारत, ‘ये बाई, जेव.’ मग आम्ही बायका नमस्कार करायचो. का करतो, कुणाला करतो, हे मी कधी विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं नसतंच.

माझी दोन मुलं गेली. मुलगा पाचवी पुजायच्या आधी गेला. मुलगी दात येता येता तापानं गेली. तिच्यामागे मी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. एका दुपारी सगळे खळ्यावर गेलेले असताना चुलीपुढं एक बाई बसलेली दिसली. माझ्याकडं पाठ होती. शेजारची कुणी निखारा मागायला आली असेल असं वाटून मी ‘घ्या की’ म्हणाले. तिनं निखारा घेतला नाही, मागंही पाहिलं नाही. मी कूस बदलली आणि परत पाहिलं तेव्हा चूल होती, बाई नव्हती. हे मी कुणाला सांगितलं नाही. घरात माझ्याविषयी आधीच पुष्कळ बोलणं चाललं होतं. पाणवठ्यावर तर एकीनं तोंडावरच विचारलं, ‘तुझ्या घरी दुसरी बगत्यात म्हनं, खरं का?’ मी हंडा उचलून निघून आले.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, डोंगरावरच्या एका देवऋषी म्हाताऱ्याला बोलावलं. तो मेंढरं राखणारा माणूस होता, फार बोलायचा नाही. त्यानं तांदूळ पाहिले आणि म्हणाला, ‘बाईमानूस हाय. तुमच्याच घरचं.’

‘काय मागतंय?’ आत्याबाईंनी विचारलं.

‘ताट मिळतंय म्हनती. हाक मिळंना.’

मामंजी चिडले. ‘आरं, दर साली नाव घिऊन हाक मारतो मी. अजून कशी मारायची? वेशीवर उभं राहून?’

‘मग दुसरी कुनीतरी असंल,’ म्हातारा म्हणाला आणि घोंगडी झटकून उठला.

दुसरी कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. वंशावळ मामंजींना तोंडपाठ होती, पण ती अमक्याचा तमका आणि तमक्याचा अमका अशी. तिच्यात बाई कुठंच नव्हती. मामंजी म्हणाले, जुने कागद उत्रोलीच्या चुलत भावाकडं आहेत, तेच काढून बघू. आत्याबाईंनी सांगितलं, हिला संगं घ्या. माझं आजोळ भोरचं, तिथं राहून मी चौथी झाले होते आणि मोडी वाचता येत होती. कुळकर्ण्याकडं कागद नेले असते तर घरातली गोष्ट गावभर झाली असती.

उत्रोलीला ओसरीवर पुरुष बसले. मी माजघराच्या दाराआड, आतल्या अंगाला बसले; सोबत आलेल्या आत्याबाई माझ्या मागं बसल्या. कागदांचा रुमाल सोडून एकेक कागद दारातून आत सरकवला जाई. पुष्कळसे जमिनीचे होते. शेवटी एक लांब कागद आला. पणजोबांचं मृत्युपत्र होतं ते. मामंजींच्या चुलत भावानंही ते कधी वाचून घेतलं नव्हतं. पिवळं पडलेलं होतं, घडीवर फाटलं होतं, पण अक्षर ठळक होतं.

मी वाचायला लागले आणि पहिल्याच ओळीत अडले. सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं उच्चारायची कशी?

‘का गं थांबली?’ बाहेरून मामंजींनी विचारलं.

उत्तर माझ्या शेजारी बसलेल्या उत्रोलीच्या म्हाताऱ्या चुलतसासूबाईंनीच दिलं. ‘नावं हाईत त्यात. कशी घील ती?’

‘कागदाला कसलं पाप. वाच म्हनावं.’

‘थांबा,’ म्हणत चुलतसासूबाईंनी गुळाचा खडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. ‘ह्यो धर तोंडात. गोड तोंडानं घेतल्यालं नाव कुनाला लागत न्हाई. आन्‌ लागलंच, तर म्हनावं ह्या म्हातारीनं सांगितलं हुतं. मला बी तिकडं जायचंच हाय, मीच बघून घीन त्यांच्याकडं.’ बाहेर कुणीतरी हसलं. मी गूळ गालात धरून वाचलं.

जमीन, बैल, विहिरीतली पाळी, असं सगळं दोन मुलांत वाटून दिलेलं होतं. त्यांच्या आईला, म्हणजे आमच्या आईला, मरेपर्यंत अन्नवस्त्र द्यावं, तिला कुणी टाकून बोलू नये, असं होतं. मी इथवर आले तेव्हा आत्याबाई माझ्या मागून म्हणाल्या, ‘म्हंजी ती म्हातारी त्येंच्या मागं ऱ्हायली हुती.’

नवऱ्यामागं राहिलेल्या बाईला नवमीचा हिरवा चुडा कसा?

‘म्होरं वाच,’ मामंजी म्हणाले.

पुढं चारच ओळी होत्या. पणजोबांचं पहिलं कुटुंब बाळंतपणात माहेरी, गुंजवण्याला, मयत झालं होतं. मूलही राहिलं नव्हतं. तिचा टाक करून दुसरीच्या गळ्यात घातला होता, जसा सवतीचा घालतात. दुसरीच्या मागं तो देवात बसवावा आणि नवमीला त्याच्या नावानं सवाष्ण जेवू घालावी, अशी इच्छा होती. पहिलीचं नाव कागदात नव्हतं. दुसरीचं होतं, मुलांची होती, साक्षीदारांचीही होती.

मग सगळं उलगडलं. मुलांनी आईच्या गळ्यातला टाक काढून देवात बसवला आणि त्याला आईचा टाक म्हणाले, कारण तो आईच्या गळ्यातला होता. नातवंडांना वाटलं, टाकावरची बाईच आई. पुढच्यांनी तिलाच हाक मारली. इतकी वर्षं चुडा एकीला आणि हाक दुसरीला. पहिलीला पोर नव्हतं, म्हणून तिची आठवण ठेवायला कुणी नव्हतं.

त्या दिवशी मी नीट जेवू शकले नाही. ती माझ्यासारखीच होती. आधी तिची बाळं गेली होती का, ते कागदात नव्हतं. पण मी या बाळंतपणात गेले तर काय होईल, ते मला त्या चार ओळींत स्वच्छ दिसलं. दुसरी येईल. माझा टाक तिच्या गळ्यात पडेल. तिला मुलं होतील आणि ती मुलं मला आपली आई समजून तिच्या नावानं जेवू घालतील.

नावासाठी मामंजी गुंजवण्याला निघाले. मला घरी एकटी ठेवायची नाही म्हणून आत्याबाईंनी गाडीत जाड पेंढा अंथरून मलाही घेतलं. बैल सावकाश चालवले. गाडी राजगडाच्या पायथ्याशी पोचली तेव्हा उन्हं चढली होती. पणजोबांची सोयरीक कुठल्या घराशी झाली होती ते विचारत विचारत आम्ही एका दारात गेलो. घरातला कर्ता माणूस म्हातारा होता. आत्याबाईंनी सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली.

‘दिलेल्या लेकीचं आमच्याकडं कुठलं नाव? ती तुमची. तुमीच सांगायचं, तर तुमीच इचारताय.’

‘तुमच्याच घरी गेली ती,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘तुमच्याच मातीत. कुठं तरी असंल की.’

मग त्याची बायको आतून म्हणाली, ‘अवो, वड्याकडंचं खाचर.’

ओढ्याकाठी त्यांचं एक भाताचं खाचर होतं. त्याला एका मुलीचं नाव होतं. नांगर धरायच्या आधी तिथं ते नारळ फोडत. ते नाव कुठल्या तरी देवीचं, असंच सगळे धरून चालले होते. म्हाताऱ्यालाही लहानपणी तेच सांगितलं होतं. पण त्याच्या आजीनं एकदा म्हटलं होतं की बांधाला एका बाळंतिणीला जाळलंय, तिथं जोरात बोलायचं नाही.

आम्ही बांधावर गेलो. खाचर कोरडं होतं, धसकटं उभी होती. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि ते नाव घेतलं, साधं, जसं अंगणातून लेकीला बोलवावं तसं. वारा नव्हता. काहीही झालं नाही. पण मला तिथं उभं राहवेना आणि मी गाडीत जाऊन बसले.

परतताना मामंजी म्हणाले, ‘हे म्हायेरचं नाव. लग्नात बदललं असंल. आपल्या घरचं नाव दुसरंच असनार.’

‘असू द्या,’ आत्याबाई म्हणाल्या. ‘आपल्या घरानं दिलेलं आपल्या घरानं घालवलं. म्हायेरचं तरी मातीनं ठेवलं.’

त्या नवमीला मामंजींनी ते नाव घेऊन हाक मारली. मला सातवा-आठवा महिना होता, वाकता येत नव्हतं. टाकापुढं नुसती उभी राहिले. पुसलेल्या चेहऱ्यावर कुंकू ठेवलं तेव्हा तो चेहरा मला नको वाटला. आपल्याला ओळखणाऱ्या माणसापुढं उभं राहावं तसं झालं.

मुलगी झाली. पाचवी पुजली, बारावा दिवस उजाडला. मुलगी रडत होती, पीत होती. मी जागी राहून तिचा श्वास ऐकायची. बारशाच्या आधी आत्याबाई पाळण्याची दोरी धरून म्हणाल्या, ‘हिला तिचंच नाव ठिवू. तिच्यामुळं ऱ्हायली ही.’

मी आत्याबाईंना कधी नाही म्हटलं नव्हतं. तेव्हा म्हणाले, ‘नको.’

‘का गं?’

‘हिला हाक मारली की ती पन वळंल.’

बाहेर बायका घुगऱ्या घेऊन बसल्या होत्या, खोळंबल्या होत्या. आत्याबाईंनी दोरी सोडली आणि माझ्या कानाशी आल्या. ‘तुजं म्हायेरचं नाव काय हुतं गं? लग्नात ऐकल्यालं असंल, पर ध्यानात न्हाई.’

इतक्या वर्षांत त्या घरात ते कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत दोन वेळा म्हणून पाहिलं, विसरू नये म्हणून म्हणतात तसं. हे कुणीतरी विचारावं असं मला किती दिवस वाटत होतं. पण आपल्यामागं नवमीला हाक मारता यावी म्हणून त्या आपलं नाव पाठ करून ठेवताहेत हे कळत असताना ऐकणं निराळं. मी मुलीला पाळण्यातून उचलून पदराखाली घेतलं.