फोनपुरती उशी

माझी नात जन्मली तेव्हा तिचं वजन दोन किलो शंभर ग्रॅम होतं. दिवस पुरते भरायच्या आधीच ती आली होती. दवाखान्यातून घरी सोडताना मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलीला बाळ झोपवण्याबद्दल चार गोष्टी सांगितल्या, त्या मी शेजारी उभा राहून ऐकल्या. दरवेळी पाठीवर झोपवायचं. गादी सपाट आणि घट्ट हवी. डोक्याखाली उशी नको, आणि तोंडाजवळ दुपटं, गोधडी, लोड, खेळणं यांतलं काहीच नको.

"मग उशी कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष होईपर्यंत तर नाव काढू नका," त्या म्हणाल्या.

मी कालव्यावर पाणी मोजायचं काम करतो. मोजपट्टीवर पातळी वाचायची आणि कोणत्या चारीला किती पाणी सोडलं ते बघायचं. अशा कामात सांगितलेली गोष्ट सांगितली तशीच करायची सवय लागते. परभणीला घरी आल्यावर मी मुलीच्या खोलीतली कापसाची मऊ गादी बाहेर काढली. मुलीच्या अंथरुणाशेजारी जमिनीवर बाळासाठी वेगळी पातळ, घट्ट गादी घातली. तळहात दाबून उचलला की खड्डा राहत नाही, हे दोनदा बघितलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "आता तिच्यावर तुमची मोजपट्टी बी लावा."

पुढच्या आठवड्यात विहीणबाई ताडकळसहून बाळ बघायला आल्या. मुलीची सासू म्हणजे तालेवार बाई. घरी शेती, पोरं कामाला लागलेली, विहारातल्या बायका कुठलंही कार्य यांना विचारल्याशिवाय ठरवत नाहीत. त्यांनी पिशवीतून डिंकाचे लाडू काढले, अंगडी-टोपडी काढली आणि शेवटी एक पिवळी उशी काढली. वीतभर रुंद, आत मोहरी भरलेली. आमच्याकडे तान्ह्या बाळाला अशी उशी देतात. डोकं मोहरीत रुततं, भोवती काठ उभा राहतो आणि डोकं गोल होतं, असा समज आहे.

"स्वता शिवलीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या जावयाचं डोकं बघा की. कसं नारळावाणी हाय. या उशीची करामत हाय ती."

जावयाचं डोकं गोल आहे, हे खरंच. नातीचं मात्र उजवीकडून मागे थोडं चपटं दिसायला लागलं होतं, कारण ती कायम खिडकीकडे तोंड करून झोपायची. विहीणबाईंनी ते आल्याआल्याच हेरलं होतं. मी डॉक्टरांचं सांगणं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या बायकोकडे बघून हसल्या. "डाक्टर काय बी सांगत्यात. बाळंतपणं आमी केलीत."

त्या गेल्यावर मी उशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सहाशे ग्रॅम भरली. बाळाच्या वजनाच्या पावपटीहून जास्त. मी ती कपाटात वरच्या फळीवर टाकली. माझ्या लेखी विषय संपला होता.

पण रोज दुपारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा आणि पहिला प्रश्न तोच. "उशी दिलीय न्हवं?" दोन-तीन वेळा मुलीने काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग बायकोने त्यावर तोड काढली. फोन वाजायच्या सुमारास उशी खाली यायची, बाळाच्या डोक्याखाली जायची, सासूबाई बघून खूश व्हायच्या आणि फोन बंद झाला की उशी परत कपाटात.

"हे कशाला?" मी विचारलं.

"तेवढ्यापुरतं तर हाय. आपण समोरच बसलेलो असतो की."

"नको आहे ती वस्तू, तर नको म्हणून सांगा ना."

"तुमचं काय जातंय सांगायला? लेकीला तिथंच नांदायचंय. इतक्या हौसेनं शिवलेली उशी पहिल्याच महिन्यात तोंडावर फेकायची व्हय?"

मुलगीही आईच्या बाजूची. "पप्पा, पाच मिनिटांचा प्रश्न आहे," ती म्हणाली. आमच्यासारख्या घरांत सोयरिकीतल्या माणसाचा मान ठेवायला लोक काय काय करतात, ते मला माहीत आहे. न आवडलेलं लुगडं नेसून फोटो काढतात, गोड चालत नसताना श्रीखंड खातात. ही उशीही त्यांतलीच, असं दोघींनी धरलं आणि मी पुढे वाद घातला नाही.

परभणीत नळाला पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून धावतं. त्या दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. विहीणबाईंचा फोन चालू होता आणि तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, "नळ आलाय!" मुलीने घाईघाईत फोन आटोपला आणि मोटार लावायला पळाली, बायको हंडे घेऊन मागच्या अंगणात गेली. बाळ उशीवर झोपी गेलं होतं. उशी आईने काढली असेल असं मुलीला वाटलं आणि मुलीने काढली असेल असं तिच्या आईला.

मी बादली घ्यायला आत आलो. खोलीतून बारीक घरघर ऐकू आली, म्हणून डोकावलो. बाळ उशीवरून खाली सरकलं होतं. डोकं वर अडकलेलं, हनुवटी छातीत रुतलेली, आणि मान वळून नाक मोहरीच्या काठाला टेकलेलं. एवढ्या लहान जिवाला मान उचलून बाजूला घेता येत नाही. मी तिला उचललं आणि मान सरळ केली. तिने एक मोठा श्वास ओढला आणि मग जी रडली, ती सगळं घर गोळा होईपर्यंत.

तिला काही झालेलं नव्हतं. रंग ठीक होता, दवाखान्यात नेऊन दाखवलं तेव्हाही सगळं ठीक निघालं. मुलगी मात्र संध्याकाळपर्यंत तिला खाली ठेवेना. बायको म्हणाली, "आता फोनवर काय सांगायचं?"

"फोनवर काहीच नाही," मी म्हणालो. "मी जाऊन येतो."

मुलगी दीड महिन्याने बाळाला घेऊन सासरी जाणार होती. तिथे मी नसणार. तिथे ती उशी कपाटात टाकायची की बाळाच्या डोक्याखाली घालायची, हे विहीणबाई ठरवणार. म्हणजे ज्यांच्यापासून आम्ही लपवत होतो, बाळ झोपवणं नेमकं त्यांच्याच हातात जाणार होतं. हा हिशोब मला स्वच्छ दिसत होता. मी उशी पिशवीत घातली आणि रविवारी मोटारसायकलवर ताडकळसला गेलो.

विहीणबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या, व्याही बाजेवर. वर आढ्याला नवीन दोर बांधून झोळी टांगलेली दिसली. नातीच्या स्वागताची तयारी. चहा झाला. मी उशी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. फोनपुरती उशी ठेवत होतो तेही सांगितलं.

त्यांचा हात सुपातच थांबला. "म्हंजे रोज मला येड्यात काढायला लागला व्हता तुमी?"

"हो."

"का?"

"तुमचा मान राखायचा म्हणून."

"माझा मान!" त्यांनी सूप बाजूला सारलं. "लेकराच्या जिवापरीस माझा मान मोठा हाय असं कुणी सांगितलं तुमाला, इवाई? इतकी वाईट हाय का मी?"

व्याही म्हणाले, "अगं, पर आपली सगळी उशीवरच वाढली की. मेली का?"

"नाही मेली," मी म्हणालो. "पण परवा ही मेली असती."

व्याही बाजेवर सावरून बसले. मग मी म्हणालो, "विहीणबाई, एक करून बघा. हनुवटी छातीला लावा, अगदी घट्ट, आणि श्वास घ्या."

त्यांनी लावली. व्याह्यांनीही लावली. दोघांच्या घशातून घोरल्यासारखा आवाज निघाला आणि विहीणबाईंना आधी हसूच आलं. मी सांगितलं, "तुमच्या शेतात ठिबकची नळी मुडपली की पुढं पाणी जात नाही ना? बाळाची श्वासाची नळी त्याहून नाजूक. डोकं जड, मान लुळी. खाली उशी घातली की डोकं पुढं ढकललं जातं. आपण मान वर करतो, तिला करता येत नाही."

त्यांनी पुन्हा एकदा हनुवटी खाली नेली, या वेळी न हसता. मग नजर वर आढ्याकडे गेली.

"मग झोळीत बी तसंच व्हतंय की," त्या म्हणाल्या. "झोळीत तर लेकरू पुरतं वाकतंय."

खरं सांगतो, झोळीचं बोलायला मी आलोच नव्हतो. एका दिवसात एकच गोष्ट पदरात पाडून घ्यायची असं ठरवलं होतं. "हो," मी म्हणालो, "तसंच होतं."

"अहो, उठा. सोडा ती दोरी."

"आगं, कालच बांधलीय!" व्याही म्हणाले.

"तर आज सोडा. गाठी काय इसरला न्हाईत तुमी."

व्याही स्टुलावर चढले. विहीणबाईंनी कात्रीने उशीची शिवण उसवली आणि मोहरी परातीत ओतली. "नवी मोहरी हाय, वाया कशाला घालवायची," म्हणत ती डब्यात भरून आत ठेवून आल्या. मग कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "पर पोरीचं डोकं चपटं ऱ्हायलं तर? उद्या सोयरीक बघायला येतील त्यांना काय तुमच्या डाक्टरचा कागद दाखवायचा?"

तेही मी डॉक्टरांना विचारून आलो होतो. झोपवताना डोक्याची दिशा बदलत राहायचं, आज खिडकीकडे डोकं तर उद्या पाय. आणि जागी असताना, कुणी जवळ बसलेलं असताना, रोज थोडा वेळ पालथं घालायचं. मान धरायला लागली की चपटेपणा बहुतेक आपोआप भरून येतो.

"पालथं व्हय?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "अंघोळीला घेतलं की मांडीवर पालथंच घेतोय आमी. ते मला शिकवू नका."

"नाही शिकवत. ते तुमच्याकडेच."

"मग असं आधी सांगायचं."

मुलगी ठरल्याप्रमाणे सासरी गेली. थोड्या दिवसांनी मी आगाऊ न कळवता ताडकळसला गेलो. दुपारची वेळ होती. विहीणबाईंच्या बहिणीने बाजारातून बाळासाठी फुलाफुलांची गादी, दोन लोड आणि हृदयाच्या आकाराची उशी असा सेट आणला होता आणि बहीण तो बाळाखाली घालायला आत निघाली होती.

"थांब," विहीणबाई म्हणाल्या. "आधी हनुवटी छातीला लाव."

"आं?"

"लाव म्हणते ना! आता घे श्वास."

बहीण घरघरली. दारातून दिसलं, आतल्या खोलीत मुलगी गाढ झोपली होती आणि तिच्याशेजारी नात उताणी, दोन्ही मुठी डोक्याच्या दोन बाजूंना टाकून, सपाट गादीवर. विहीणबाईंनी फुलाफुलांची गादी, उशी आणि लोड उचलून बहिणीच्या पिशवीत परत भरले, बोटाने मला गप्प राहायची खूण केली आणि चहा ठेवायला गेल्या. मी बाहेर बाजेवर येऊन बसलो. गादी दाबून बघायला मी आत गेलो नाही.