तंबाखूवरचं पांढरं

जालन्याकडच्या टेंभुर्णीत आमचं चिलमीच्या तंबाखूचं दुकान आहे, पणजोबा राजस्थानातून आले तेव्हापासूनचं. चिलीम ओढणारे आता थोडे राहिलेत, पण जे आहेत ते जुन्या मालासाठी वाट वाकडी करून येतात. माल ओळखायला मला वडिलांनी शिकवलं. गुळात मळलेली तंबाखू दोन-तीन वर्षं बरणीत बंद राहिली की काळपट होते, तिचा नाकात जाणारा उग्रपणा बसतो आणि मनुकांसारखा आंबटगोड वास सुटतो. कधी कधी तिच्यावर बारीक पांढरे कण चमकतात. ओलं बोट लावलं की विरघळतात. ते वय झाल्याचं लक्षण. बुरशी वेगळी. ती कापसासारखी दिसते, बोटाला जाळ्यासारखी चिकटते आणि भिजल्या पोत्यासारखा कुबट वास मारते. आंधळा माणूससुद्धा नुसत्या वासावर फरक सांगेल.

चार वर्षांपूर्वी, भर बाजाराच्या दिवशी, दुपारी थोरला भाऊ गल्ल्यावर बसला होता. मी आत सुऱ्यानं पानं कापत होतो. धावड्याचे एक शेतकरी आमचे जुने गिऱ्हाईक, साठी ओलांडलेले. त्यांची लेक आमच्या गावात दिलेली, त्यामुळे महिन्याला एक चक्कर असायचीच. मी त्यांना काका म्हणायचो. त्या दिवशी ते आले तेच ओरडत, आणि हातातली पुडी त्यांनी भावाच्या तोंडावर फेकली.

"शेठ, बुरशी विकून राह्यले का? चार दिवसांपासून खोकून खोकून रगत पडून राह्यलं माझं!"

"बुरशी न्हाई ती. जुन्या मालावर पांढरं येतंच," भाऊ म्हणाला.

"मला नको शिकवू. चाळीस वर्षं ओढून राह्यलो."

"मंग अजून अक्कल न्हाई आली. बिडी प्या तुम्ही."

काकांनी त्याची कॉलर धरून त्याला गल्ल्यावरून ओढलं आणि थोबाडीत दिली. भावानं आईवरून शिवी हासडली. तेव्हा त्यांनी काट्याजवळचं दोन किलोचं वजन उचलून त्याच्या तोंडावर घातलं. दात तुटल्याचा आवाज मला आतपर्यंत आला.

मी सुरा हातात घेऊनच बाहेर धावलो. भाऊ जमिनीवर पडला होता, तोंड रक्तानं भरलेलं. काकांचा हात वर होता. त्यांना अडवायला वार केला, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. पण वजन त्यांच्या हातून आधीच सुटलं होतं, आणि ते मी पाहिलं होतं. तरी मी सुरा चालवला. कोपराखाली तो हाडाला लागला. मी पुन्हा हात उगारला तो लोकांनी धरला. दोघं-तिघं मोबाईलवर शूटिंग करत होते.

गाडी एकच मिळाली. एका जीपमध्ये दोघांना टाकून आम्ही जालन्याला निघालो. भाऊ मागच्या सीटवर कण्हत होता. त्याच्या शेजारी काका आपलाच हात उपरण्यात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान धुवायला आलो तर ती पुडी गल्ल्याखाली पडलेली. उघडली आणि वासानंच कळलं. पांढरं बोटाला चिकटून तंतू ओढत आलं. ज्या पिंपातून भावानं ती भरली होती, त्याचा तळ ओला होता.

मी तसाच दवाखान्यात गेलो. भावाचा जबडा तारेनं बांधला होता.

"पाणी मारलं होतंस?"

त्यानं आधी मान फिरवली. मग दातांतल्या फटीतून म्हणाला, "थोडंच. वजनाला."

मी त्याच्या बांधलेल्या तोंडावर मारलं. टाके सुटले, उशी लाल झाली. नर्सनं मला धक्के मारून बाहेर काढलं.

काका खालच्या वॉर्डात होते. मी त्यांच्या खाटेजवळ जाऊन सांगितलं, "काका, तुमचं बराबर होतं. बुरशीच होती."

त्यांनी पट्टीतला हात माझ्यापुढे केला. "मंग माझा हात कशाला तोडला तू?"

मग पोलिसांना मी खरं ते सांगितलं, वजन आधीच सुटलं होतं हेसुद्धा. भावानं ते अजून माफ केलेलं नाही. आम्ही वेगळे झालो. ते पिंप मी गावाबाहेर नेऊन जाळलं, आणि आता दुकान मी एकटा चालवतो.

माझ्यावरची केस चालू आहे. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत, म्हैस पिळणं बंद झालं. तारखेला आम्ही कोर्टाच्या ओट्यावर समोरासमोर बसतो. मागच्या तारखेला त्यांच्या डाव्या बाहीचं बटण सुटलं होतं आणि त्यांना ते लागत नव्हतं. मी उठून जवळ गेलो, बाहीला हात लावला. त्यांनी डाव्या हातानं माझ्या कानाखाली अशी लगावली की डोळ्यांपुढे अंधारी आली. शिपाई धावत आला. माझे वकील म्हणाले, "तक्रार लिहून द्या, जल्दी, साक्षीदार आहेत."

"काही झालं न्हाई," मी म्हणालो.

काकांनी बाही तोंडाशी नेली आणि दातांनी ओढून बटण लावून घेतलं.