छापाकाकांनी न खोडलेली ओळ

छापाकाकांचं अक्षर छापल्यासारखं होतं म्हणून छापखान्यातल्यांनी त्यांचं नाव छापा पाडलं, आणि मूळ नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं. याउलट लेखकाचं अक्षर दुसऱ्या दिवशी खुद्द लेखकालाही लागत नसे. त्यामुळे मुलांसाठी त्याने लिहिलेलं प्रत्येक पुस्तक बावीस वर्षं छापाकाकांनीच उतरवून काढलं. खिडकीपाशी टेबल, पाठीमागे लेखकाच्या येरझाऱ्या आणि नियम एकच: पानावर खाडाखोड नाही. चूक झाली की पान टोपलीत, नवं पान समोर.

लेखक गेला, तसे त्याचे कच्चे कागद रद्दीत गेले आणि छापाकाकांची पानं काचेच्या चौकटीत जाऊन बसली. खाली पितळी पट्टी लागली, ‘लेखकाचं हस्ताक्षर’. काकांनी ती वाचली, समारंभाचा चहा घेतला आणि घरी आले.

आता लेखकाच्या आयुष्यावर चित्रपट निघत होता. नटाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा लिहिताना हात दुसऱ्याचा दाखवायचा ठरलं. चौकटीतल्या अक्षराशी जुळणारा हात शोधत मंडळी काकांच्या दारात आली. इतकं कसं जुळतं, याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. सराव, काका म्हणाले.

चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शकाने आनंदाची बातमी दिली. लेखकाच्या पत्नीला कपाटात एक कच्चं पान सापडलं होतं. हरवलेल्या शिंगराच्या पुस्तकाचं, अगदी शेवटचं.

काकांनी उघडलेलं पेन पुन्हा बंद केलं.

एकतीस वर्षांपूर्वी ते पान त्यांच्यासमोर होतं, तेव्हा त्यांची सहा वर्षांची मुलगी इस्पितळात होती. ताप उतरत नव्हता. दिवसभर उतरवलेलं ते संध्याकाळी तिला सांगत, आणि हरवलेलं शिंगरू कधी येणार, हे ती रोज विचारी. लेखकाने लिहिलं होतं, ‘दार उघडंच राहिलं. कोणी आलं नाही.’ काकांनी उतरवलं, ‘दार उघडंच राहिलं. पहाटे अंगणात खूर वाजले.’ मुलगी बरी झाली. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. लेखकाने ते पान छापण्याआधी वाचलं की नाही, हे विचारायची काकांची छाती झाली नाही. नसेल वाचलं, तर ज्याने डोळे झाकून विश्वास टाकला त्यालाच आपण फसवलं, एवढं त्यांना कळत होतं.

लेखकाच्या पत्नीने फोनवर वाचून दाखवलेल्या ओळीवरून दिग्दर्शकाने आपल्या परीने शोध लावला होता. लेखकानेच भरल्या डोळ्यांनी ती ओळ खोडली आणि शेवट बदलला! काकांनी फक्त तेवढं करून दाखवायचं. पहिली ओळ लिहायची, खोडायची, दुसरी लिहायची. त्या काळातल्यासारखे दिसणारे कागद पाचच होते. मागच्या खुर्चीत लेखकाची पत्नी, काकांच्या वहिनी, कच्चं पान मांडीवर घेऊन बसली होती.

पहिल्या कागदावर ओळ उमटली आणि पेन थांबलं. दुसऱ्यावरही तेच. तिसरा कागद काकांनी सवयीने चुरगळून टोपलीत टाकला. दिग्दर्शक गोडीत म्हणाला, “काका, एक रेघ ओढायचीय, डोंगर नाही उचलायचा.” चौथ्यावर शाईचा डाग पडला. दिग्दर्शक गेला बाहेर, पाणी प्यायला.

तेवढ्यात वहिनी उठून टेबलापाशी आल्या. कच्चं पान त्यांनी काकांसमोर ठेवलं. त्यावर कुठेही रेघ नव्हती.

“भाऊजी, यांनी काही खोडलंच नव्हतं.”

काकांनी पेन टेबलावर ठेवलं.

“तुमचं पान छापखान्यात जायच्या आधी वाचलं होतं त्यांनी,” वहिनी हलकेच म्हणाल्या. “दोनदा. मग मला म्हणाले, चल, छापाच्या मुलीला बघून येऊ. त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.”

“आला होतात तुम्ही,” काका म्हणाले. “संत्री घेऊन.”

“आंबट निघाली ती.”

“हो. पण खाल्ली तिने.”

दिग्दर्शक परत आला. काकांनी पाचवा कागद ओढला, लेखकाची ओळ लिहिली, तिच्यावर एक रेघ मारली आणि खाली स्वतःची ओळ लिहिली. हात कुठेही अडखळला नाही.

दिग्दर्शकाने पडद्यावर पाहून तोंड वाकडं केलं. रेघ फारच सरळ आली होती, पट्टीने आखल्यासारखी. इतका मोठा निर्णय, आणि त्यात कालवाकालव कुठे दिसत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. पण कागद संपले होते.

“त्यांचा हात तसाच होता,” वहिनी म्हणाल्या, आणि कच्चं पान घडी करून त्यांनी पर्समध्ये टाकलं.