यात मराठी येत नाही

शबानाला हे मी सांगितलेलं नाही. ती माझी बायको, रोज समोर बसून जेवते, पण नाही. धाकट्या बहिणीला, नसीमाला — तिला तर सांगायची हिंमतच होणार नाही. आणि ज्यांच्या बाबतीत हे केलं ते अब्बा… त्यांना सांगायचं काही उरलंय का, तेच मला कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

गोष्ट फोनची आहे. एवढीशी. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? मीही बरेच दिवस स्वतःला हेच म्हणत होतो.

अब्बा रहिमतपूरला शिलाईचं काम करायचे. बाजारपेठेच्या मागच्या बोळात दुकान, एक मशीन, भिंतीला टांगलेले कपडे. हात चांगला होता, गिऱ्हाईक लांबून यायचं. पण बोलताना ते अडकायचे. साधं अडखळणं नव्हे — शब्द घशात रुतून बसायचा, मान एका बाजूला ओढली जायची, डोळे मिटायचे, आणि समोरचा माणूस कुठं बघावं ते न कळून जमिनीकडं बघायचा. ‘स’ त्यांना सगळ्यात अवघड. आणि माझं नाव सलीम. आजोबांनी ठेवलेलं. अब्बांनी मला त्या नावानं कधी हाक मारली नाही, ‘बाबू’ म्हणायचे. गल्लीतल्या सगळ्यांना वाटायचं लाडानं म्हणतात.

मला त्यांची लाज वाटायची. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

सहावीत होतो. शाळेत पालकांना बोलावलं होतं आणि अब्बा दुकान बंद करून आले. वर्गाच्या दारात उभे. सरांनी विचारलं, कोण हे? अब्बा तोंड उघडायच्या आत मी म्हणालो — आमच्या दुकानातले कामगार आहेत, वडील गावाला गेलेत. सरांनी अब्बांकडं बघितलं. अब्बांनी मान हलवली. हो म्हणून. आणि परत गेले.

घरी कुणी यावर एक शब्द काढला नाही. मला वाटलं, विसरले असतील. वडील असलं काही विसरतात, असं मुलांना का वाटतं?

पुढं मी सांगलीत ट्रॅक्टरच्या शोरूमला लागलो. लग्न आष्ट्यात ठरलं. सासरे मोठे व्यापारी, हार्डवेअरचं दुकान, चार माणसांत उठबस. त्यांना मी सांगितलं होतं, अब्बा कमी बोलतात. अम्मी तेव्हा होती, ती सगळं सांभाळून घ्यायची. अम्मी गेली आणि अब्बा घरात एकटेच उरले. नजर कमी झाली, मशीन बंद झालं. फोन लावला तर पलीकडून नुसतं ‘हं’ यायचं.

मग नसीमानं माझा जुना अँड्रॉइड फोन त्यांच्या हातात दिला, अक्षरं मोठी केली, मराठी कीबोर्ड लावून दिला आणि आमच्या सगळ्यांच्या ग्रुपमध्ये त्यांना घेतलं. त्या ग्रुपात माझे सासरे, मेहुणे, नसीमाच्या सासरचे, सगळेच. आमच्या घरात बोलणं हिंदी-मराठी मिसळून चालतं, पण अब्बा शिकले मराठी शाळेत, लिहायचं तर मराठीतच.

पहिले काही दिवस ‘नमस्कार’, ‘जेवलो’. आणि एका सकाळी एवढा मोठा मजकूर आला. एका नवरदेवाची शेरवानी लग्नाच्या दिवशीच कशी आखूड झाली आणि अब्बांनी मांडवामागं उभ्या उभ्या ती कशी उसवून लांब केली, त्याचं वर्णन. कुठं थांबणं नाही, कुठं अडकणं नाही. वाक्यामागून वाक्य. वाचताना मला काही क्षण पटेचना, हे कुणाचं आहे. माझ्या जन्मापासून मी या माणसाचं एक अख्खं वाक्य ऐकलं नव्हतं हो!

मग रोजच यायला लागलं. अम्मीबद्दल, जुन्या बाजाराबद्दल, मापं घेताना माणसं पोट कसं आत ओढून घेतात त्याबद्दल. सासरे दुकानात बसून मोठ्यानं वाचून दाखवायचे. मेहुणे म्हणायचे, तुमचे अब्बा तर लय भारी गड्या, एवढी वर्षं लपवून ठेवलं व्हय त्यांना? मी हसायचो. खरं म्हणजे मलाही आवडत होतं. तेव्हा आवडत होतं.

आणि मग त्यांनी ते शाळेचं लिहिलं.

काही राग नाही, तक्रार नाही. गंमत म्हणून लिहिलं होतं. माझा मुलगा लहानपणापासून हुशार, सरांना म्हणाला हा आमचा कामगार. मीही मान हलवली. वाटेत हसू आलं, म्हटलं मालक चांगला आहे, रागावत नाही. — असं. खाली हसणारे चेहरे, बदाम, अंगठे. सासऱ्यांनी लिहिलं, जावईबापू, पगार दिला की नाही मग कामगाराला?

सगळ्यांनी हसून सोडून दिलं. मी नाही सोडलं. मला वाटलं, भर चौकात यांनी माझे कपडे काढले. मला एकदाही वाटलं नाही की त्या दारात उभं राहून मान हलवताना त्यांना काय झालं असेल. राग आला तो हा, की यांना आठवतंय. आणि आता यांना सांगताही येतंय. आज हे, उद्या काय लिहितील?

त्या सुमाराला मी नवा आयफोन घेतला होता. आधीचा आयफोनही चांगलाच होता. ईदला तो स्वच्छ पुसून, नव्या कव्हरमध्ये घालून रहिमतपूरला नेला. अब्बांना दिला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. वाहवा झाली. मुलगा असावा तर असा, असं सासऱ्यांनी लिहिलं. अब्बांचा जुना फोन मी खिशात टाकला — याचा आता काय उपयोग, म्हणालो. सांगलीत परत आल्यावर त्यातलं सगळं पुसून तो मोबाइलच्या दुकानात देऊन टाकला.

नवा फोन लावायला मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांना काही उमगत नव्हतं. खालचं मागं जायचं बटण शोधत बोट फिरत होतं, बटण कुठं नाहीच. मी दाखवलं, असं खालून वर सारायचं. जमलं तेव्हा लहान मुलासारखे खूश झाले. मग ग्रुप उघडला, लिहायला गेले, तर सगळी इंग्रजी अक्षरं. माझ्याकडं बघून म्हणाले, म… म… मराठी?

सेटिंगमध्ये जायचं, कीबोर्डमध्ये जायचं, भाषा निवडायची. जेवण वाढायलाही याहून जास्त वेळ लागतो. मला माहीत होतं. माझ्या फोनवर मी स्वतः रोज मराठी लिहितो.

मी म्हणालो, “न्हाई अब्बा. यात मराठी येत न्हाई. भायरचा फोन हाय त्यो.”

त्यांनी मान हलवली.

मी हे आधी ठरवून गेलो होतो का? हो. खोटं कशाला बोलू — ठरवून गेलो होतो. म्हणून तर जुना फोन खिशात घातला.

त्यानंतर ग्रुपवर अब्बांकडून फुलं यायची. अंगठा यायचा. एकदा इंग्रजी अक्षरांत काहीतरी जुळवून पाठवलं, कुणालाच अर्थ लागेना, मेहुण्यांनी हसरे चेहरे टाकले. पुन्हा नाही पाठवलं. लोक विचारायचे, तुमचे अब्बा लिहीत का नाहीत आता? मी सांगायचो, डोळे दुखतात त्यांचे, डॉक्टरांनी फोन कमी बघायला सांगितलाय. नसीमालाही हेच सांगितलं. ती कराडला, सासूचं आजारपण अंगावर, तिला यायला फुरसत नव्हती. तिनं अब्बांना फोनवर विचारलं तर पलीकडून ‘हं’.

सुखात होतो मी. हे सांगायला लाज वाटते, पण सकाळी ग्रुप उघडायचा आणि अब्बांचं फूल बघायचं, यात मला एक गारवा वाटायचा.

मग माझ्या सासूबाई अचानक गेल्या. अब्बांना त्यांचा फार आदर होता. अम्मीच्या आजारपणात सासूबाईंनी रहिमतपूरला राहून तिचं सगळं केलं होतं. मातीला अब्बांना पोचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं सांगलीला माझ्या दारात. हातात फोन. मी आष्ट्याला निघायच्या गडबडीत होतो. त्यांनी फोन माझ्या पुढं धरला. कसंबसं एवढंच म्हणाले, “ए… एकदा बघ. ल… लिहायचंय मला.”

सासऱ्यांना लिहायचं होतं. तोंडानं जमणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

मी फोन घेतला. सेटिंग उघडलं. ते माझ्या खांद्याला खांदा लावून पडद्यावर बघत होते. कीबोर्डची यादी वर सरकवत गेलो. मराठी आलं. बोट तिथं थांबलंसुद्धा. मग मी यादी आणखी वर सरकवली आणि म्हणालो, “बघा, न्हाई. मी सांगितलं हुतं ना.”

तेव्हा तर राग उरला नव्हता. शाळेचं लिहिलेलं सगळे विसरले होते. मग का? आता दिलं तर आधी का दिलं नाही हे कळेल, म्हणून? की एव्हाना मला सवय लागली होती — त्यांना गप्प बघायची?

अब्बा माझ्या गाडीतूनच आष्ट्याला आले. सासऱ्यांच्या घरात माणसं दाटीनं बसलेली. अब्बा सासऱ्यांच्या समोर जाऊन बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. आणि बोलायला लागले. तो शब्द काय होता देव जाणे, ‘स’नंच सुरू होत होता. मान ओढली गेली, गळ्याच्या शिरा फुगल्या. कुणीतरी पोरांना बाहेर नेलं. सासरे खाली बघायला लागले. अब्बा थांबले नाहीत, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. ओठाच्या कडेला फेस आला. मी शेजारी होतो. त्यांच्या पाठीवर हात ठेवला — बघणाऱ्यांना काय वाटलं असेल, केवढा काळजीवाहू — आणि म्हणालो, “त्यांचं म्हणणं हाय, लय वाईट झालं.”

अब्बांनी माझ्याकडं बघितलं. तोंड मिटलं. सासऱ्यांचा हात सोडला.

त्यांना ते म्हणायचं नव्हतं. सासूबाईंनी अम्मीचं केलं, त्याचं काहीतरी असणार. मला कधीच कळणार नाही.

परतताना गाडीत ते सगळा वेळ खिडकीकडं तोंड करून बसले. मी रेडिओ लावला.

पुढं नसीमा रहिमतपूरला माहेरपणाला आली. तिनं सहज अब्बांचा फोन हातात घेतला, बघितलं आणि लगेच मराठी लावून दिलं. मला फोन केला. चिडली नव्हती, हसत होती. म्हणाली, “दादा, एवढा शिकलेला तू, तुला म्हाईत न्हवतं व्हय?” तिच्या शेजारी अब्बा बसलेले असणार, फोन स्पीकरवर होता. मी म्हणालो, नव्हतं बाई माहीत. मग नसीमाच म्हणाली, जाऊ दे, आता झालं काम.

त्या दिवशी सांगलीत माझ्या हातातल्या पडद्यावर अब्बांनी मराठी वाचलं होतं का? मी विचारलेलं नाही. ते सांगणार नाहीत.

ग्रुपवर मी वाट बघत राहिलो. काही आलं नाही. फुलंही बंद झाली. थोड्या दिवसांनी अब्बा ग्रुपमधून बाहेर पडले. सासऱ्यांना वाटतं, चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. मी रविवारी रहिमतपूरला जातो तेव्हा अब्बा चष्मा लावून दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहीत असतात. मी आत आलो की फोन पालथा ठेवतात, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठतात. मला त्यांचे मेसेज येतात. ‘पोचलास का.’ ‘बरं.’

नसीमाला रोज पानभर येतं. तिला वाटतं दोघांनाही पाठवतात. रात्री तिचा फोन येतो, विचारते, दादा, अब्बांचं आजचं वाचलंस का रं? काय लिहिलंय!

मी म्हणतो, हो, वाचलं.