खिळा मारू नका, मॅडम

"काहून राहिल्या ओ तुमी तिथं एवढी वर्षं?" हा प्रश्न मला लग्नात, बारशात, एसटीत, अगदी दवाखान्याच्या रांगेतही विचारून झालाय. मी मूळची सांगलीकडची. अंगणवाड्यांची सुपरवायझर म्हणून वसमतच्या ऑफिसात लागले, तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा झाला नव्हता. वसमत तेव्हा परभणीत. तिकडं नेमणूक झाली की माणूस हजर व्हायच्या दिवशीच बदलीचा अर्ज टाकायचा. मीही टाकला! तरी राहिले. का राहिले ते एका वाक्यात सांगता येत नाही, पण किस्से मात्र पोत्यानं आहेत.

आणि ते साठले आमच्या देशमुख मॅडममुळं. त्या आमच्या प्रकल्प अधिकारी. दुसऱ्या ऑफिसांत मीटिंग म्हणजे "टार्गेट किती झालं?" आमच्याकडं शनिवारी सगळ्या सुपरवायझर सतरंजीवर गोल करून बसायच्या आणि मॅडम विचारायच्या, "बोला, या आठवड्यात कुणाची फजिती झाली?" जिची फजिती सगळ्यात मोठी, तिला समोरच्या हॉटेलातली गरम भजी! मग भजी खात खात सगळ्यांनी मिळून ठरवायचं, पुढच्या खेपेला काय करावं. मॅडम म्हणायच्या, "पोरींनो, फजिती सांगायला कुणी नसलं की माणूस बॅग भरतो."

माझ्या तब्येतीला ती भजी चांगलीच मानवली.

*

माझ्याकडं कुरुंद्याभोवतालच्या अंगणवाड्या. कुरुंद्यात खोली मिळाली ती रहीमचाचांकडं. खाली त्यांचं हळदीचं दुकान, वर माझी खोली. पहिल्याच दिवशी मी कॅलेंडर टांगायला हातोडी मागितली, तर चाचा जिना चढून धापा टाकत वर आले.

"मॅडम, खिळा मारू नका. पिछली सब मॅडमां खिळा मारे, कॅलेंडर टांगे, और साल के अंदर चले गये. दीवार मेरी छलनी हो गयी!"

मी भिंतीकडं बघितलं. खरंच, भोकंच भोकं! माझ्या आधीच्या सगळ्या सुपरवायझर तिथं हजेरी लावून गेल्या होत्या. माझं कॅलेंडर मग ट्रंकेवर आडवं पडून राहिलं.

*

कुरुंद्याजवळच एक वाडी होती, बहुतेक घरं शेळ्यामेंढ्यांची. तिथं माझं पहिलं भाषण. विषय, गरोदर बाईचा आहार. कॉलेजात पाठ केलेलं सगळं डोक्यात घेऊन मी सकाळी अकराला पोचले. वाडीत चिटपाखरू नाही! एका ओट्यावर रुक्माआत्या नावाची म्हातारी तेवढी बसलेली, आणि तिच्याभोवती शेळ्यांची करडं.

पण कार्यक्रम ठरलेला, तो करायलाच हवा! मी तक्ता उघडला आणि तिलाच सगळं सांगितलं. लोह काय, कॅल्शियम काय, दुपारी आडवं काय व्हायचं. आत्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही. मी थांबले तशी म्हणाली, "झालं?"

"झालं."

"लई गोड बोलतीस. पण बाई, माझ्या नातवांना मिशा फुटून राहिल्या. आता मी ह्या वयात पुन्हा कशी गरोदर होऊ?"

मी तक्ता गुंडाळायला लागले. तीच मग माझ्या हातात पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "बाया समद्या रानात जात्यात. दिवेलागणीला ये. भाकरी टाकताना बाईचे कान मोकळे असत्यात."

त्या शनिवारी भजी मला. आणि त्यानंतर माझी प्रत्येक बैठक चुलीपुढं झाली.

*

एकदा देशमुख मॅडम स्वतः माझ्याबरोबर घरभेटीला आल्या. मी काही साहेबाला घाबरणारी नाही, पण त्या दिवशी घाबरले. त्या घरातल्या सुनेला मी अशी काही माहिती दिली, अशी दिली की बस! मॅडम कोपऱ्यात बसून ऐकत होत्या.

परत येताना जीपमध्ये म्हणाल्या, "छान बोललीस. आता सांग, ती पोरगी किती बोलली?"

मी आठवायला लागले. पुढून आमचे ड्रायव्हर गणपतराव म्हणाले, "एकदा बोलली की मॅडम. 'चहा ठेवू का' म्हणली. तेच्यावर बी ह्यांनी चहाचे तोटे सांगितले!"

मॅडम इतक्या हसल्या की गणपतरावांनी जीप बाजूला घेतली. रागावल्या असत्या तर मी विसरून गेले असते. त्या हसल्या म्हणून आजही कुणाच्या घरी गेले की मी आधी चहा घेते आणि तोंड बंद ठेवते.

*

पण वाडीत लेकरांचं वजन काही होईना. मी काटा टांगला की बाया लेकरं पदराखाली घालून घरात! समजूत घातली, खाऊ दिला, उपयोग शून्य. शेवटी आत्याला विचारलं, "आत्या, काहून गं असं?"

"तोलत्यात कशाला? इकायला. बोकड तोलत्यात, कोकरू तोलत्यात. आमची लेकरं काय बाजारची हायत?"

"मग मी काय करू?"

"आधी तू बस. तुला कोणी इकत घेतंय का बघू!"

काटा लेकरांचा, त्यात मी कशी मावणार? आत्यानं तोही इलाज काढला. बाजारच्या दिवशी वाडीतल्या बाया कुरुंद्याला आल्या, तेव्हा त्यांच्यादेखत मला रहीमचाचांच्या पोती तोलायच्या काट्यावर बसवलं! अर्धा बाजार गोळा झाला. चाचांनी वजनं चढवली, उतरवली आणि मोठ्यानं आवाज दिला, "मॅडम तो एक पोतं भी पूरा नै भरते! खाना खाओ पहले, फिर लोगां को सिखाओ!"

उठले तर साडीला मागून सगळी हळद. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. आत्या म्हणाली, "चला, हळद तर लागली. आता नवरा तेवढा हुडका!"

त्याच आठवड्यात वाडीतली लेकरं ओळीनं काट्यात बसली. मला कुणी विकत घेतलं नाही, एवढं बघून बायांची खात्री पटली होती.

*

दिवाळी झाली की वाडीतली निम्मी माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडायची. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात, आज या रानात, उद्या त्या. त्यात सुली नावाचं एक लेकरू होतं, अगदी हाडाची काडी. वजन घसरत चाललेलं. एके दिवशी गेले तर खोपीला ताटी लावलेली. मायबापं सुलीला घेऊन मेंढरांमागं गेली होती. माझा जीव थाऱ्यावर राहिना.

शनिवारी भज्यांचं कुणाला नावही सुचलं नाही. देशमुख मॅडमनी सरळ जीप दिली. आत्या पुढं बसली, गणपतरावांच्या शेजारी, आणि रस्त्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला विचारत सुटली, "मेंढरं कुठं बसली ओ?" जिथं माणूस नाही, तिथं ती खाली उतरायची, लेंड्या बोटानं दाबून बघायची आणि हुकूम सोडायची, "वल्या हायत. हान गाडी!"

गणपतराव पुटपुटले, "सरकारी गाडी लेंड्यांच्या मागं पळून राहिली. लॉगबुकात काय लिहू मी?"

हट्टा गावाच्या अलीकडं कळप सापडला. सुली तापानं फणफणलेली. आम्ही तिला आणि तिच्या आईला तसंच उचलून वसमतच्या दवाखान्यात आणलं. पोरगी वाचली. चालायला लागली तेव्हा पहिल्यांदा माझ्या पिशवीकडं आली, कारण पिशवीत शेंगदाण्याचे लाडू असतात हे तिला ठाऊक होतं. नोकरीत मला कुणी हार घातला नाही, आणि त्या दिवसानंतर त्याची गरजही वाटली नाही.

*

वर्षं गेली. हिंगोली जिल्हा झाला. एका सकाळी रहीमचाचा हातोडी आणि खिळा घेऊन वर आले आणि त्यांनी स्वतः भिंतीत खिळा ठोकला. मग माझं कॅलेंडर झटकून टांगलं.

आणि त्याच महिन्यात माझी बदली झाली. सांगलीला! हजर झाल्या दिवशी टाकलेला अर्ज, मी विसरले होते, सरकार विसरलं नव्हतं. चाचा डोक्याला हात लावून म्हणाले, "मैं बोला था ना, खिळा लगताच नै इस दीवार को!"

आता कुठल्या तोंडानं नको म्हणू? मागितलं तर मीच होतं. घरी आई वाट बघत होती. शनिवारी सतरंजीवर बसून मी एवढंच म्हणाले, "मॅडम, माझी फजिती झालीय. मला जायचं नाही." भजी आली, सगळ्यांच्या मधे ठेवली, गार झाली. गणपतराव दारात उभे राहून ऐकत होते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

कार्यमुक्तीचा कागद घ्यायला मी देशमुख मॅडमबरोबर हिंगोलीला गेले. मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बसलो होतो, तेवढ्यात बाहेर गलका झाला. बघते तर व्हरांड्यात वाडीतल्या झाडून सगळ्या बाया! काखेत लेकरं, आणि घरी राखायला कुणी नाही म्हणून करडंही बरोबर. एक करडू नोटीस बोर्डाचा कागद चघळत होतं. गर्दीत सुली होती, दोन वेण्या घातलेली. आणि सगळ्यांच्या पुढं काठी टेकत रुक्माआत्या.

मी नको नको म्हणून हात हलवला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

साहेब बाहेर आले. "काय मागणी आहे आजी? पाणी? रस्ता?"

"न्हाई. बाई."

साहेबांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो आजी, या मॅडम गेल्या तरी जागा रिकामी नाही ठेवणार आम्ही. यांच्यापेक्षा जास्त शिकलेल्या मॅडम देतो तुम्हाला."

आत्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"साहेब, ही आली तवा ही बी लई शिकलेली व्हती. समदं विसरायला लावून नव्यानं शिकवली आमी तिला. आता कुठं कामाला आली. दुसरी शिकवायला माझ्यात दम न्हाई!"