हॅमचं मीठ

नाही म्हणता येत नाही, हा माझा जुना रोग. डच माणसं तोंडावर नाही म्हणतात आणि वर कॉफीही पाजतात; सहा वर्षं इथे राहून मला त्यातली फक्त कॉफी जमली. म्हणूनच त्या डिसेंबरात शेजारचे आजोबा आमच्या दारापासून मोजून दीड मीटरवर उभे राहिले, कापडी पिशवी पायरीवर ठेवून म्हणाले, "हे शिजवून द्याल का?" तेव्हा आत काय आहे ते न बघताच मी म्हटलं, "हो, देईन की."

पिशवीत हॅम होता. खाटकाने मिठात मुरवलेली, कच्ची, हाडासकट डुकराची मांडी.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या आजी, ऑक्टोबरात गेल्या. कोरोनानेच. हा हॅम त्यांनी दरवर्षीसारखा उन्हाळ्यातच खाटकाकडे सांगून ठेवला होता आणि खाटकाने तो इमानेइतबारे आणून दिला. मुलगी ग्रोनिंगनला, ती घरात विलगीकरणात अडकलेली. आजोबांना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. "तिने मागवलाय, टाकवत नाही," एवढंच ते म्हणाले. आमच्या स्वयंपाकघरातून रोज इतके वास येतात, तेव्हा आम्हाला काहीही शिजवता येत असणार, असा त्यांचा समज होता.

आमच्या घरात मी शाकाहारी, नवरा शाकाहारी, आणि मार्चमध्ये तीन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या सासूबाई तर चातुर्मासात लसणालाही दार बंद करणाऱ्या. आम्ही बाडहूव्हडॉर्पला राहतो. विमानतळ सायकलच्या टप्प्यात, पण टाळेबंदीमुळे सासूबाईंना घरी जायला विमान नव्हतं. पुढे विमानं सुरू झाली तेव्हा नवरा म्हणाला, या वयात एवढा प्रवास नको. त्यामुळे त्या होत्या, आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं.

मी पिशवी पाठीमागे लपवली. ती तिथे मावेना.

"काय आहे गं ते?"

"आजोबांचं नाताळचं... आजींनी मागवलेलं. हॅम आहे, आई."

"म्हणजे?"

"डुक्कर."

सासूबाई ओट्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता महाभारत होणार. पण त्यांनी विचारलं, "आजी स्वतः सांगून गेल्या होत्या?"

"हो."

"मग करायला हवं. भांडं मात्र त्यांच्याकडचं आण. चमचा, सुरी, झाकण, सगळं त्यांचं."

आता हे करायचं कसं? मी आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलं. शेजाऱ्यांसाठी हवंय, असं दोनदा लिहिलं. हा तोच ग्रुप, जिथे काढा, हळदीचं दूध आणि सात्त्विक आहाराने विषाणू कसा पळतो यावर मार्चपासून रोज प्रवचन चाललं होतं. मला वाटलं, सगळे नाकं मुरडतील. दहा मिनिटांत पाककृतींचा ढीग लागला.

सगळ्यांची सुरुवात एकच: "आम्ही खात नाही हं, पण..." युट्रेख्टची एक म्हणाली, पाण्याऐवजी कोलामध्ये उकळ, रंग सुरेख येतो, मैत्रिणीकडे बघितलंय. दुसरी म्हणाली, उकडून झाल्यावर कातडी सोल, चरबीवर सुरीने चौकटी पाड, प्रत्येक चौकटीत लवंग खोच, मग वाटलेली मोहरी नि गूळ चोळून ओव्हनमध्ये भाज, शेजारीण करते. एकाने कुकरच्या शिट्ट्या सांगितल्या आणि वर बजावलं की वाफ आपोआप जाऊ दे, नाहीतर चिवट होतो. त्याचा रूममेट करायचा म्हणे. शेवटी काढेवाले काका अवतरले: "आधी थंड पाण्यात भिजव. पाणी दोनदा बदल, कमी मुरलेला असेल तर एकदा पुरे. कडेचा तुकडा उकडून चाखल्याशिवाय कळत नाही." मैत्रिणी, शेजारणी, रूममेट! परक्यांच्या स्वयंपाकघरात आमचं मंडळ इतकं बारकाईने बघतं, याची मला कल्पना नव्हती.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी हॅम भिजत घातला. दुपारी पाणी बदललं. चार वाजता कडेचा तुकडा उकडला आणि तिथेच घोडं अडलं. चाखणार कोण?

"नैवेद्याचं कुठे चाखतो आपण?" सासूबाई म्हणाल्या. "अंदाजाने करायचं."

"आई, नैवेद्यात मीठ आपण घालतो. यात खाटकाने घातलंय."

हे त्यांना पटलं. आजोबांचा पहिला एकट्याचा नाताळ आपल्या हातून नासावा, हे त्यांना सहन होणार नव्हतं. मलाही नव्हतं. मी नवीन आले तेव्हा मला सायकल शिकवायला आजी भर रस्त्यात मागे धावल्या होत्या. मी काटा तोंडापर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. माझा शाकाहार तत्त्वाचा वगैरे नाही, सवयीचा आहे; पण सवयच आडवी आली.

पाच पावलांवर जेवणाच्या टेबलाशी नवरा हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. त्याला सगळं ऐकू येत असणार, कारण कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. हा माणूस आई इथे येईपर्यंत दर रविवारी तिला व्हिडिओ कॉलवर भेंडीची भाजी दाखवत आला होता. ऑफिसच्या कँटीनबद्दल मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. आमचा संसार सुखाचा आहे तो यामुळेच.

त्याने माइक बंद केला, उठून माझ्या हातातला काटा घेतला आणि तुकडा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"अजून एकदा पाणी बदल," तो म्हणाला. "कँटीनमधल्यापेक्षा बराच खारट आहे."

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"इथे आलो तेव्हापासून."

"मग मला भेंडी कशाला दाखवत होतास?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून."

वाईट वाटायचं ते वाटलंच. त्यांनी डोळे टिपले आणि पातेल्यातलं पाणी स्वतः ओतून नवं भरलं. तासाभराने त्यांनीच हाक मारली, "ये, परत चाख. तुला कळतंय ना, मग नीट सांग."

नाताळच्या दुपारी गूळ-मोहरी लावून भाजलेला हॅम मी आजोबांच्या पायरीवर ठेवला. ते अंगणात कोट घालून जेवायला बसले. आम्ही तिघं कुंपणाच्या अलीकडे थालिपिठाच्या बश्या घेऊन. पहिला घास खाऊन ते थांबले.

"चांगला नाही झाला?" मी विचारलं.

"उत्तम झालाय. तिचा नेहमी खारट व्हायचा. पाणी बदलायचा कंटाळा करायची. चव्वेचाळीस नाताळ मी पाणी पीत पीत खाल्ला, कधी बोललो नाही. आणि आज तो खारटपणा नाही, तर..." त्यांनी काटा खाली ठेवला.

मी सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, आत गेल्या आणि मिठाची वाटी आणून कुंपणावर ठेवली.